वय आणि आजार: अल्झायमरमधली चेतापेशी

आउगुस्ट डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या ५१ वर्षांच्या होत्या. नवऱ्यावर भलताच संशय घ्यायच्या, घरातल्या वस्तू लपवून ठेवायच्या, स्वतःचं नाव लिहायला बसल्या की मध्येच थांबायच्या. त्यांना तपासणारे डॉ. आलोइस अल्झायमर पुढे म्युनिकला गेले, पण या बाईंना विसरले नाहीत. एप्रिल १९०६ मध्ये त्या वारल्यावर त्यांचा मेंदू म्युनिकला आणला गेला. चांदीच्या क्षारांनी पेशीतले तंतू काळे रंगवायची बीलशोव्स्की यांची पद्धत तेव्हा नवी होती. त्या रंगात अल्झायमर यांना पेशींच्या आत जाड तंतूंची गुंतवळ दिसली. काही ठिकाणी तर पेशी विरून गेली होती आणि गुंतवळ तेवढी उरली होती. मेंदूच्या बाहेरच्या स्तरातल्या, म्हणजे कॉर्टेक्सच्या पाव ते एक तृतीयांश पेशींची ही गत असल्याचं त्यांनी १९०७ च्या टिपणात लिहिलं.

ही गुंतवळ कशाची, हे कळायला पुढची ऐंशी वर्षं गेली. चेतापेशीला एक लांब तंतू असतो, अॅक्सॉन. काही अॅक्सॉन मीटरभर लांबीचे असतात. पेशीच्या मुख्य भागात तयार झालेला माल त्याच्या टोकापर्यंत पोहोचतो तो आतल्या सूक्ष्मनलिकांवरून, आणि या नलिकांना धरून असतं टाऊ नावाचं प्रथिन. अल्झायमरच्या आजारात टाऊवर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढतात. ते नलिकांपासून सुटतं, पेशीच्या मुख्य भागात आणि शाखांत साचतं, एकमेकांना चिकटून पीळदार धागे बनवतं. या धाग्यांचे दुहेरी पीळ १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. त्यात टाऊ असल्याचं ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिद्ध झालं, आणि २०१७ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी या धाग्यांची रचना जवळजवळ अणूपर्यंत उलगडून दाखवली. पेशीच्या बाहेरही दुसऱ्या एका प्रथिनाचे थर साचतात. ते प्रथिन, बीटा अमायलॉइड, १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी ओळखलं होतं. या थरांजवळून जाणारे अॅक्सॉन फुगतात, वेडेवाकडे होतात.

गुंतवळ आणि थर डोळ्यांत भरतात, म्हणून वर्षानुवर्षं चर्चा त्यांचीच झाली. माझ्या मते खरी हानी समजून घ्यायची तर नजर सिनॅप्सकडे, म्हणजे दोन पेशींच्या भेटीच्या जागेकडे वळवायला हवी. रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मरणोत्तर मेंदू तपासून दाखवलं, की रुग्णाची बुद्धी किती ढासळली होती याच्याशी सर्वांत घट्ट नातं होतं ते उरलेल्या सिनॅप्सच्या संख्येचं. थरांचं किंवा गुंतवळीचं नव्हे. पेशी जिवंत असते, तिचा गाभाही जागेवर असतो, पण शाखांवरचे बारीक काटे झडलेले असतात, शाखा आखडलेल्या असतात. शेजारच्या पेशींचे निरोप तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत. झाड शेंड्याकडून वाळत यावं तशी ती टोकांकडून सुकत येते. मरण त्यानंतरचं.

आपल्या घरांत आजोबा तेच तेच विचारू लागले की आपण म्हणतो, “वय झालं आता.” पेशी याला साक्ष देत नाहीत. ब्यूएल आणि कोलमन यांनी १९७९ मध्ये स्मृतीशी जोडलेल्या भागातल्या पेशींच्या शाखा मोजल्या. निरोगी म्हाताऱ्यांच्या शाखा मध्यमवयीनांपेक्षा लांब निघाल्या! जणू शेजारच्या पेशी गेल्याची भरपाई उरलेल्या करत होत्या. स्मृतिभ्रंश झालेल्यांमध्ये ही वाढ नव्हती. १९९६ मध्ये गोमेझ-इस्ला यांच्या गटाने स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं प्रवेशद्वार असलेल्या एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समधल्या पेशी मोजल्या. निरोगी माणसांत साठीपासून नव्वदीपर्यंत त्यांची संख्या टिकून होती. आजार अगदी सौम्य असलेल्यांत मात्र तिथल्या दुसऱ्या स्तरातल्या साधारण ६० टक्के पेशी नाहीशा झाल्या होत्या. पहिली लक्षणं दिसतात तोवर एवढं नुकसान होऊन गेलेलं असतं.

नेमक्या याच भागात मोझर दांपत्याला २००५ मध्ये उंदरांच्या मेंदूत जागेचा जाळीदार नकाशा सांभाळणाऱ्या पेशी सापडल्या. त्यासाठी त्यांना २०१४ चं नोबेल विभागून मिळालं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं हे या आजाराचं सुरुवातीचं लक्षण का असतं, याचा धागा इथे लागतो. वाट चुकलेल्या माणसाला रागावणाऱ्यांनी एवढं तरी जाणून घ्यावं.

भारतातल्या साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकॅनेमॅब हे औषध अमायलॉइड काढून टाकतं आणि चाचणीच्या दीड वर्षांत त्याने घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ते फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका सांभाळावा लागतो, आणि गेलेला सिनॅप्स ते परत आणत नाही. म्हणून मला अधिक आशा वाटते ती लवकर निदानाची. फॉस्फेट चढलेल्या टाऊचे अंश आता रक्तात मोजता येतात, आणि अशा एका चाचणीला २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आहे. पण विसरणाऱ्या माणसाला आपण मुळात डॉक्टरकडे न्यायला हवं. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ ची कमतरता आणि नैराश्य यांनीही स्मृती ढासळते, आणि त्यांवर उपचार आजही आहेत.