शिट्टीची पत : अमेरिकेतील हायस्कूल बास्केटबॉल आणि पंचांचा प्रश्न

५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात हायस्कूल बास्केटबॉल स्पर्धेचा एक उपांत्य सामना झाला. मनास्क्वान आणि कॅम्डेन या दोन शाळांचे मुलांचे संघ समोरासमोर होते. अखेरचे काही क्षण उरले असता कॅम्डेन एका गुणाने पुढे होते. मनास्क्वानचा एक प्रयत्न हुकला. परतलेला चेंडू त्याच संघाच्या खेळाडूने मिळवून पुन्हा बास्केटमध्ये टाकला, आणि त्याच सुमारास वेळ संपल्याचा भोंगा वाजला. पंचाने प्रथम गुण मान्य असल्याची खूण केली. मुलांनी जल्लोष सुरू केला. त्यानंतर पंचांनी आपापसांत विचारविनिमय केला, चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच वेळ संपली होती असे ठरवले आणि ते गुण रद्द केले. कॅम्डेन ४६-४५ असे विजयी ठरले.

सामन्याच्या चित्रफिती लवकरच सर्वत्र पोहोचल्या. भोंगा वाजण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला होता, हे त्यांत दिसत होते. राज्याच्या आंतरशालेय क्रीडा संघटनेनेही निर्णय चुकल्याचे मान्य केले. निकाल मात्र बदलला नाही. पंच मैदानाच्या दृष्टिक्षेत्राबाहेर गेले की त्यांचा अधिकार संपतो आणि निकाल कायम होतो, असा नियम आहे. मनास्क्वानच्या बाजूने न्यायालयाचे दार ठोठावण्यात आले, पण अंतिम सामना थांबवण्यास न्यायालयाने नकार दिला. चूक सर्वांनी मान्य केली, तरी हरलेली मुले हरलेलीच राहिली.

या प्रसंगानंतर अमेरिकेत जुनाच प्रश्न नव्याने विचारला गेला : शालेय सामन्यांतील पंचांचा दर्जा घसरला आहे काय? प्रश्न रास्त आहे. त्या देशात नऊ लाखांच्या आसपास मुले-मुली आपल्या हायस्कूलसाठी बास्केटबॉल खेळतात. न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या गावांत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांची मुलेही याच व्यवस्थेत वाढतात. मात्र उत्तर शोधताना बहुतेकांची नजर शिट्टी वाजवणाऱ्या एका माणसावर खिळते. तो माणूस कोठून येतो, कसा शिकतो आणि का निघून जातो, हे पाहिल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

माणसांचा पंच, चेंडूचा पंच

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा म्हणून तो रचला. त्याच्या मूळ १३ नियमांत दोन पंचांची तरतूद होती. एकाने खेळाडूंवर लक्ष ठेवून फाउल नोंदवायचे. दुसऱ्याने चेंडू, गुण आणि वेळ पाहायची. एकाच माणसाला सर्व काही दिसणार नाही, ही जाण खेळाच्या जन्मापासूनच होती.

आज हायस्कूलचे मैदान ८४ फूट लांब आणि ५० फूट रुंद असते. सामना आठ-आठ मिनिटांच्या चार भागांत, एकूण ३२ मिनिटे चालतो. दहा धावत्या खेळाडूंवर काही ठिकाणी दोन, तर काही ठिकाणी तीन पंच लक्ष ठेवतात. दोघे असले की एक बास्केटखालच्या सीमारेषेवर उभा राहतो आणि दुसरा मागून येतो. चेंडूपासून दूर चाललेली ढकलाढकल अशा वेळी कोणाच्याच नजरेत येत नाही. तिसरा पंच असला की मैदानाची दुसरी बाजू उघडी राहत नाही. तरीही अनेक शाळा, विशेषतः कनिष्ठ संघांच्या सामन्यांत, दोघांवरच भागवतात. कारण तिसऱ्याला मानधन द्यावे लागते, आणि पुष्कळदा तो मिळतच नाही.

प्रेक्षकांचे नियम आणि पुस्तकातील नियम

पंच चुकला असे प्रेक्षकांना वाटते, तेव्हा प्रत्येक वेळी तो चुकलेला असतोच असे नाही. हायस्कूलसाठी नियम राष्ट्रीय महासंघ ठरवतो. १९२० मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाचे मुख्यालय इंडियानापोलिस येथे आहे. त्याच्या नियमपुस्तकात नसलेले अनेक नियम प्रेक्षकांच्या बाकांवर मात्र पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

पहिला समज असा की, बचाव करणारा खेळाडू खांबासारखा स्थिर असला पाहिजे; तो हलला आणि धडक झाली की दोष त्याचाच. नियम वेगळे सांगतो. बचावपटूने एकदा दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून वैध जागा घेतली की, ती राखण्यासाठी त्याला बाजूला किंवा मागे सरकता येते. दुसरा समज ‘पाठीवरून’ चेंडू घेण्याचा. मागे उभ्या असलेल्या उंच खेळाडूने समोरच्याला स्पर्श न करता हात उंचावून चेंडू मिळवला, तर त्यात कोणताही दोष नाही. फाउल उंचीचा नसतो, धक्क्याचा असतो. तिसरा समज हाताचा. चेंडूवर असलेला हात चेंडूचाच भाग मानला जातो. त्या हातावर फटका बसल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आला, तरी तेवढ्याने तो फाउल ठरत नाही.

शिवाय नियम बदलतात. २०२३-२४ च्या हंगामापासून संघाचे फाउल प्रत्येक आठ मिनिटांच्या भागात नव्याने मोजले जाऊ लागले, आणि पाचव्या फाउलपासून प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळू लागले. पूर्वीच्या पद्धतीत आधी एकच फ्री थ्रो मिळे आणि तो साधला तरच दुसरा. जुन्या हिशेबाने आरडाओरडा करणारा पालक स्वतःच्या अज्ञानाचा राग पंचावर काढत असतो.

याचा अर्थ पंच निर्दोष असतात असा नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील फाउल तपासले गेले. ज्या संघाचे फाउल आधी कमी झाले होते, पुढचा फाउल त्याच संघावर दिला जाण्याची शक्यता अधिक आढळली, आणि दोन्ही संघांतील फरक जितका मोठा तितकी ही शक्यताही वाढत गेली. पाहुण्या संघावर अधिक फाउल दिले जातात, हेही दिसले. पंचाने लबाडी केलीच असेल, असे त्यावरून सिद्ध होत नाही. आपण पक्षपाती दिसू नये या धास्तीपोटी माणूस नकळत दोन्ही रकाने सारखे करू लागतो. जमाखर्चाचा मेळ बसावा म्हणून मुनिमाने वहीत नोंद घुसवली, तर ती वही दिसायला नीटनेटकी असली तरी खोटीच ठरते. दोन संघांच्या फाउलांची संख्या सारखी असणे म्हणजे न्याय नव्हे. एखादा संघ खरोखरच अधिक धसमुसळा खेळत असेल, तर त्याच्या खाती अधिक फाउल दिसलेच पाहिजेत. त्या दडपणाला न बधता समोर दिसेल तेवढेच सांगण्याची सवय जडायला बरीच वर्षे लागतात.

एक पंच घडताना

हायस्कूलचे पंच पूर्णवेळ व्यावसायिक नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी विमा प्रतिनिधी, कोणी टपाल खात्यातील कर्मचारी. दिवसभराचे काम आटोपून ते संध्याकाळी पट्ट्यांचा सदरा चढवतात. राज्य संघटनेकडे नोंदणी, नियमांची परीक्षा, स्थानिक पंच मंडळाच्या बैठका आणि मग सामन्यांचे वाटप असा त्यांचा क्रम असतो. एका सामन्याचे मानधन बहुतेक ठिकाणी शंभर डॉलरच्या आतबाहेर असते, आणि कनिष्ठ संघांसाठी त्याहून कमी. जाण्यायेण्याचा वेळ, गणवेश व वार्षिक शुल्क वजा केले, तर या कामाकडे केवळ पैशासाठी कोणी येणार नाही हे उघड आहे.

परीक्षा उत्तीर्ण झाल्याने नियम पाठ होतात. निर्णय घेता येतोच असे नाही. नवा पंच स्वाभाविकपणे चेंडूमागे पाहतो. अनुभवी पंच आपल्या वाट्याच्या क्षेत्रात पाहतो, बचावपटूचे पाय आधी पाहतो, आणि धडक होण्यापूर्वीच योग्य कोनात जाऊन उभा राहतो. त्याचे बरेचसे बरोबर निर्णय योग्य जागी उभे राहण्यातून येतात. पेढीवर नव्याने बसलेल्या मुलाला माल हातात घेताच त्याची प्रत कळत नाही. शेकडो नग हातांखालून गेल्यावर ती कळू लागते. पंचाचेही तसेच आहे. हे शिक्षण त्याला कनिष्ठ संघांच्या सामन्यांतच मिळते. म्हणजे सर्वांत कच्चा पंच सर्वांत कच्च्या खेळाडूंसमोर उभा असतो, आणि बहुधा सर्वांत उतावीळ पालकांसमोरही.

निघून जाणारी माणसे

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारी संचालक कॅरिसा नीहॉफ यांनी पालकांना उद्देशून एक जाहीर लेख लिहिला. ७५ टक्क्यांहून अधिक पंच काम सोडण्याचे मुख्य कारण प्रौढांचे वर्तन हेच सांगतात, आणि नव्या तरुण पंचांपैकी ८० टक्के दोनच वर्षांत शिट्टी खाली ठेवतात, असे त्यात म्हटले होते. २०१७ मध्ये क्रीडा पंचांच्या राष्ट्रीय संघटनेने केलेल्या सर्वेक्षणात १७,००० हून अधिक पंचांनी उत्तरे दिली. पुरुष पंचांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी आपल्या सुरक्षिततेची भीती वाटली होती. उत्तरे देणाऱ्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या पुढचे होते. पुढे कोरोनाच्या साथीने उरलीसुरली कसर भरून काढली. २०१८-१९ नंतरच्या काही वर्षांत सर्व खेळांचे मिळून सुमारे ५०,००० हायस्कूल पंच कमी झाले, असे महासंघाने २०२२ मध्ये सांगितले.

परिणाम सरळ आहे. पंच पुरेसे नाहीत म्हणून सामने अन्य दिवशी ढकलावे लागतात. तीनऐवजी दोन पंचांवर भागवले जाते. आणखी दोन वर्षे कनिष्ठ गटात शिकायला हवा होता, असा पंच वरिष्ठ संघाच्या सामन्यात उभा केला जातो. तो चुकतो, बाकांवरून शिवीगाळ होते, तोही निघून जातो, आणि त्याच्या जागी त्याहून नवखा येतो. ज्या दर्जाबद्दल तक्रार करावी तो तक्रार करण्याच्या पद्धतीनेच खालावतो, हे या प्रश्नाचे मर्म आहे. वीसहून अधिक राज्यांनी पंचांवरील हल्ल्यांसंबंधी स्वतंत्र कायदे केले आहेत. पण हात न उगारता दिल्या जाणाऱ्या त्रासाला कायदा पोहोचत नाही.

यंत्राचा आधार किती?

मग चित्रफीत पाहूनच निर्णय का देऊ नये, असे विचारले जाते. न्यू जर्सीतीलच सिकॉकस येथे व्यावसायिक बास्केटबॉलचे पुनरावलोकन केंद्र २०१४ पासून चालते. देशभरातील सामन्यांची दृश्ये तेथे अनेक कोनांतून पाहिली जातात. २०१५ पासून तर चुरशीच्या सामन्यांतील अखेरच्या दोन मिनिटांचे पंचांचे निर्णय तपासून त्यांतील चुकाही जाहीर केल्या जातात. चुका सर्वोच्च पातळीवरही होतात, हे त्यावरून दिसते.

शालेय खेळाला एवढा पसारा परवडणारा नाही. राष्ट्रीय नियमांनुसार हायस्कूलमध्ये पडद्यावर पाहून निर्णय देण्याची मुभा राज्य अजिंक्यपद स्पर्धेपुरती, तीही राज्य संघटनेने ठरवल्यास, आणि मुख्यतः अखेरच्या क्षणी केलेल्या प्रयत्नासारख्या मोजक्या बाबींसाठी आहे. मनास्क्वान-कॅम्डेन सामन्यात ती सोय असती, तर कदाचित निकाल वेगळा लागला असता. म्हणून महत्त्वाच्या सामन्यांत ती असावी, ही मागणी योग्यच आहे. परंतु जानेवारीतल्या एखाद्या साध्या संध्याकाळी, अर्ध्या रिकाम्या क्रीडागृहात चालणाऱ्या सामन्याला यंत्र वाचवू शकत नाही. तेथे निर्णय माणसानेच द्यायचा असतो.

काय करता येईल

उपाय अज्ञात नाहीत. अनेक ठिकाणी नवख्या पंचासोबत एक अनुभवी पंच मुद्दाम नेमला जातो आणि सामन्यानंतर दोघे मिळून निर्णयांची उजळणी करतात. काही शाळांनी माजी खेळाडूंना आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना कनिष्ठ सामन्यांत पंच म्हणून तयार करण्यास सुरुवात केली आहे. पंचांचे नियमित मूल्यमापन, चुकीची कबुली आणि त्यातून प्रशिक्षण, हेही आवश्यक आहे. कारण पंचांचा सन्मान राखायचा म्हणजे त्यांना प्रश्नच विचारायचे नाहीत असे नव्हे. प्रशिक्षकाने लेखी तक्रार संघटनेकडे पाठवावी आणि तिची दखल घेतली जावी, हा मार्ग खुला असायलाच हवा. बाकांवरून होणाऱ्या आरोळ्यांतून मात्र कोणताही पंच काही शिकत नाही.

त्या आरोळ्यांतून शिकते ते पालकांचे मूल. आपल्याविरुद्ध निर्णय गेला की समोरचा लबाड असतो, हे ते पाहते आणि पुढे वर्गात, परीक्षेत, व्यवहारात तसेच मानू लागते. व्यापारी घराण्यांना हे निराळे सांगायला नको. लवादाचा निर्णय प्रतिकूल गेला तरी पाळणाऱ्याची बाजारात पत राहते. प्रत्येक प्रतिकूल निर्णयाला कारस्थान म्हणणाऱ्याशी पुढच्या वेळी कोणी सौदा करत नाही.

अमेरिकेतील काही राज्य संघटनांनी पालकांसाठी हंगामापूर्वीच्या बैठका आणि वर्तनाचे लेखी नियम सुरू केले आहेत. त्या बैठकीत पालकांच्या हाती नियमपुस्तकाची चार पाने दिली आणि कनिष्ठ संघाच्या सरावात प्रत्येकाला दहा मिनिटे शिट्टी हाती घेऊ दिली, तर आणखी बरेच साधेल. धडकेच्या क्षणी पाय कोणाचे आधी टेकले होते, हे सांगताना त्यांच्यापैकी किती जणांचे एकमत होते, ते त्यांना तिथल्या तिथे कळेल.