सत्तरीतली पाटी

कनेरगाव नाक्यावर एका दिशेला हिंगोली आहे आणि दुसऱ्या दिशेला वाशीम. रस्त्यावर उभे राहिले की दोन्हीकडच्या एस.टी. गाड्या मिळतात. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, या रस्त्यावरून पन्नास वर्षे प्रवास केला. पण गाडीवरची पाटी एकदाही वाचली नाही. गाडी थांबली की त्या शेजारच्या माणसाला विचारत, "हिंगोलीची का वो दादा?" होकार मिळाला की चढत. त्यात त्यांना काही उणे वाटत नसे आणि खरे सांगायचे तर आम्हालाही वाटत नसे. घरात शिकलेली माणसे असताना वृद्ध बाईला वाचण्याची गरज ती काय, असा आमचा समज होता.

हा समज एका सकाळी मोडला. आत्याबाईंना मधुमेह आहे. त्या गोळ्या पाकिटाच्या रंगावरून ओळखत. त्या महिन्यात औषध तेच, पण दुसऱ्या कंपनीचे आले आणि पाकिटाचा रंग बदलला. जुन्या पाकिटातही काही गोळ्या शिल्लक होत्या. दोन रंग म्हणजे दोन औषधे, असे समजून त्यांनी दोन्हींतील एकेक गोळी घेतली. त्या दिवशी घरातील सारे लवकर बाहेर पडले होते आणि त्यांचे नीट जेवणही झाले नव्हते. तासा-दोन तासांनी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शेजारणीने प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. रुग्णालयातून परतल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "रंग तर दोन्हीचा येगळा व्हता ना माय."

त्यांचे काहीच चुकले नव्हते. जी खूण आम्ही त्यांना दिली होती, तिच्यावर त्यांनी विश्वास ठेवला. नाव वाचता येणे ही खरी खूण. ती मात्र त्यांच्याजवळ कधी पोहोचलीच नव्हती.

जी शाळा वाटेतच राहिली

आज पंच्याहत्तरीच्या आसपास असलेल्या मराठवाड्यातील स्त्रियांच्या निरक्षरतेला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोलीचा हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पलीकडचे वाशीम वऱ्हाडात. संस्थानात राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी घरातील मुलालाही शिक्षणाची वाट अवघड होती. मग मुलीची गोष्ट दूरच. मुक्तीनंतर शाळा हळूहळू गावोगावी पोहोचल्या, परंतु तोवर या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे होती, हातात खुरपे होते आणि पुढे लग्न. 'आम्हाला शाळा नव्हती' असे त्या सहज सांगून जातात. त्या सहजतेमागची हळहळ आपण क्वचितच ऐकतो.

ही हळहळ ज्या गावाने ऐकली, त्याची गोष्ट वाचकांना सांगावीशी वाटते.

फांगणे गावातील वर्ग

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत, शिवजयंतीच्या सुमारास गावात ग्रंथवाचन चालले असता काही वृद्ध स्त्रियांनी मनातील इच्छा बोलून दाखविली : आम्हालाही वाचता आले असते तर! जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. मोतीराम गणपत दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे साहाय्य मिळाले आणि ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. विद्यार्थिनी साधारणतः साठ ते नव्वद या वयाच्या. संख्या तिसाच्या आसपास.

या शाळेतील बारकावे मोठे बोलके आहेत. वर्ग दुपारी भरतो, दोन तासांचा. कारण सकाळची कामे आवरलेली असतात आणि संध्याकाळची चूल अजून पेटायची असते. प्रत्येकीला पाटी, पेन्सिल आणि दप्तर. सर्वांना एकच गणवेश : गुलाबी साडी. आपल्याकडे पती निवर्तल्यावर स्त्रीच्या अंगावरून रंग उतरतो. तिथे सधवा-विधवा असा भेद न करता प्रत्येकीने गुलाबी नेसून वर्गात बसणे, ही पहिल्या धड्याच्या आधीचीच शिकवण आहे.

वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होते. मग मुळाक्षरे, अंक, कविता. शाळेभोवती आजींनी झाडे लावली आणि ती जोपासली. आणि शिकविणारी कोण? गावातीलच, दहावीपर्यंत शिकलेली एक सून. तिच्या विद्यार्थिनींत तिच्या स्वतःच्या सासूबाईही होत्या. घरी जिचा शब्द चालतो, ती वर्गात सुनेपुढे पाटी धरते, हे नाते किती अलवारपणे सांभाळावे लागले असेल!

या आजींचे स्वप्न पदवीचे नव्हते. पोथी वाचावी, बँकेत अंगठ्याऐवजी सही करावी, एवढेच. अनेकींना सही करता येऊ लागली. ज्यांना अंगठ्याची शाई पुसताना होणारा संकोच ठाऊक आहे, त्यांना या सहीचे मोल वेगळे सांगायला नको.

मेंदूला काय मिळते?

अशा शिकण्याचा आरोग्याशी संबंध काय, हा प्रश्न या पाक्षिकाच्या वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. वृद्धांच्या प्रातिनिधिक पाहणीवर आधारलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांत, ग्रामीण भागात आणि कमी शिक्षण असलेल्यांत अधिक आढळले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. बालपणी न मिळालेले शिक्षण, कमी ऐकू येणे, उपचार न केलेली दृष्टिहानी आणि एकटेपणा हे त्यांपैकीच.

शास्त्रज्ञ याचे स्पष्टीकरण देताना मेंदूच्या 'शिलकी'ची कल्पना मांडतात. आयुष्यभर वाचन, विचार आणि संवाद यांतून मेंदूत जणू गंगाजळी साठते; पुढे आजाराने झीज सुरू झाली तरी ती काही काळ पुरते. प्रौढ वयात अक्षरओळख झाली तर मेंदू बदलतो का, याचेही उत्तर शोधले गेले आहे. कोलंबिया देशात शस्त्रे खाली ठेवून नव्या जीवनाकडे वळलेले काही जण प्रौढपणी वाचायला शिकले. त्यांच्या मेंदूची तुलना वाचता न येणाऱ्या त्यांच्या सोबत्यांशी केली असता, वाचनाशी निगडित भागांत आणि मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतूंत फरक आढळला. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

यावरून सत्तरीत पाटी हातात घेतली की स्मृतिभ्रंश टळतोच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. कोलंबियातील ती माणसे वयाने बरीच तरुण होती आणि बालपणीच्या शिक्षणाची बरोबरी उतारवयातील दोन तास करतील, असे कोणी म्हणत नाही. पण फांगण्याच्या वर्गात जे घडते ते पाहा : दररोज घराबाहेर पडणे, समवयस्कांत बसणे, हसणे, आठवणे, चुकणे, पुन्हा लिहिणे, झाडाला पाणी घालण्यासाठी चार पावले चालणे. वृद्धाला डॉक्टर जे जे करायला सांगतात, त्यातील बरेचसे येथे औषधाविना घडते. शिवाय उद्या आपली कोणीतरी वाट पाहणार आहे, ही भावना उठून बसण्यास मोठे बळ देते.

आमच्या ओसरीवरचा धडा

फांगण्याची हकिकत वाचून मीही आत्याबाईंसाठी पाटी आणली. पहिले आठ दिवस त्यांनी ती हातात धरली नाही. "आता मसणात लाकडं गेली, अन् पाटी कुठं धरू?" असे म्हणून त्या हसत. दाराशी कोणी आले की पाटी पदराखाली जाई. मग माझ्या लक्षात आले की अडचण अक्षरांची नसून लाजेची आहे. शेजारच्या दोघींना बोलावले, तेव्हा ती लाज तिघींत वाटली गेली आणि हलकी झाली.

'अ'पासून सुरुवात करण्याचा माझा बेतही फसला. सत्तरीच्या माणसाला 'अननसा'त रस नसतो. आमच्यापासून जवळच नर्सी हे संत नामदेवांचे गाव. आत्याबाईंना हरिपाठ तोंडपाठ आहे. मी मोठ्या अक्षरांत 'नामदेव' लिहिले आणि शब्दावर बोट ठेवून म्हणायला सांगितले. पुढे पाठ असलेल्या ओळींवर बोट फिरवीत त्या स्वतःच ओळखू लागल्या : हा 'म' इथे आहे, तोच तिथेही आहे. ओठांवर पन्नास वर्षे असलेले शब्द कागदावर भेटले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो मला अजून आठवतो.

चार महिन्यांनी त्यांना स्वतःचे नाव लिहिता येते, शंभरपर्यंतचे अंक ओळखता येतात आणि औषधाच्या डबीवर मी लिहिलेले 'सकाळ' व 'रात्र' हे शब्द वाचता येतात. जोडाक्षरे अजून अडतात. काही दिवस कंटाळ्याचे जातात. कधी मीच थकलेली असते आणि आवाज चढतो. मग दुसऱ्या दिवशी पाटी पुढे करताना मलाच शरमल्यासारखे होते.

घरी सुरुवात करताना

ज्यांच्या घरी असे वडीलधारे आहेत, त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

• आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मोतीबिंदू, चष्म्याचा बदललेला नंबर किंवा कमी ऐकू येणे यांमुळे 'लक्षात राहत नाही' असा चुकीचा समज होतो.

• गुडघे दुखत असतील तर जमिनीवर बसण्याचा आग्रह नको. पाठीला आधार असलेली खुर्ची, समोर टेबल आणि भरपूर उजेड असावा. अक्षरे मोठी व ठळक काढावीत.

• एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे पुरेत. स्वतःचे नाव, नातवंडांची नावे, गावाचे नाव, अंक अशा क्रमाने जावे. शक्य असल्यास दोघी-तिघींना एकत्र बसवावे.

• चूक दाखविताना लहान मुलासारखे बोलू नये. नातवंडांसमोर परीक्षा घेऊ नये. उलट नातवंडांनाच शिकवू द्यावे.

• केंद्र शासनाच्या 'उल्लास' या नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील कोणाही निरक्षर व्यक्तीला सहभागी होता येते; वयाची वरची मर्यादा नाही. गावातील जिल्हा परिषद शाळेत चौकशी करावी. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणीही असते.

• अक्षरओळख झाली तरी औषधांची जबाबदारी एकदम वृद्धांवर टाकू नये. औषधाचा रंग, आकार किंवा कंपनी बदलली की जुने पाकीट बाजूला काढून ठेवावे. मधुमेहाच्या रुग्णाला घाम, थरथर, गोंधळ जाणवल्यास आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास लगेच साखर द्यावी. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.

• येत असलेले अक्षर विसरणे नेहमीचेच. परंतु ओळखीची वाट चुकणे, रोजचे काम न जमणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे असे वाढत गेल्यास डॉक्टरांना दाखवावे. बोलणे एकाएकी अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातातील बळ गेले तर ती पक्षाघाताची खूण असू शकते. एक क्षणही दवडू नये.

मागच्या आठवड्यात आत्याबाईंना तपासणीसाठी हिंगोलीला न्यायचे होते. आम्ही नाक्यावर उभ्या होतो. लांबून गाडी आली. सवयीने मी पुढे होऊन पाटी वाचणार, तोच त्यांनी माझा दंड धरला. डोळे बारीक करून त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही नव्हं. हिच्यावर पयला 'व' हाय. ही वाशीमची."

गाडी आमच्यासमोरून निघून गेली. आम्ही पुढच्या गाडीची वाट पाहत थांबलो.