गारव्याचे पाणी: पेडणे-डिचोलीतल्या शीतकरणाचा मागोवा

1987 साली, 30 मे रोजी, गोवा घटकराज्य झाले. त्याच वर्षी 16 सप्टेंबरला ओझोनच्या थराला घातक ठरणाऱ्या वायूंवर जगाने मॉन्ट्रियल करार केला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण गोव्यातल्या व्यापारी शीतकरणाचा मागोवा घेताना दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात. पर्यटन वाढले तसे राज्यात डीप फ्रीझर आणि कोल्ड रूम वाढल्या, आणि करारामुळे त्यांतला गॅस पिढीगणिक बदलत गेला. त्याआधीच्या काळात मासळी टिकवायची म्हणजे बर्फाच्या कारखान्यातली लादी फोडून टोपलीत भरायची आणि पावसाळ्याच्या बेगमीला मासळी खारवून सुकवायची. लादीचे पाणी उघड्यावर ठिबकत असे आणि ते सर्वांना दिसत असे. फ्रीझर आला तसे हे पाणी पत्र्याआड गेले, आणि नजरेआड गेल्यावर विचारातूनही गेले. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत आपण यंत्र, गॅस आणि कायदा या तिन्हींवर लक्ष दिले, पण वितळलेले पाणी बाहेर नेणारी नळी कोणाच्याच जबाबदारीत आली नाही. हिवाळ्यात, म्हणजे ऐन हंगामात, कोल्ड रूममध्ये साचणारे पाणी आणि बर्फ हा त्या दुर्लक्षाचा परिणाम आहे, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की गोव्यात हिवाळा असतोच कुठे? कॅनडात किंवा उत्तर युरोपात घराबाहेरची नळी गोठते, तिथे हिवाळी निचऱ्याची चिंता समजू शकते. पेडणे तालुक्यात जानेवारीच्या पहाटेही पारा गोठणबिंदूच्या आसपास फिरकत नाही. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. थंड देशांत नळी बाहेरच्या थंडीने गोठते, आपल्याकडे ती फ्रीझरच्याच थंडीने गोठते, आणि गोठायला लागणारे पाणी बाहेरची दमट हवा पुरवते. पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असली तर एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम वाफ असते. जानेवारीच्या दुपारी 32 अंश आणि 50 टक्के आर्द्रता धरली तरी ती सुमारे 17 ग्रॅम भरते. उणे 18 अंशांच्या खोलीतली हवा मात्र घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम वाफ धरू शकते, उरलेली सगळी यंत्राच्या थंड कॉइलवर बर्फ होऊन बसते. म्हणजे कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या महिन्यांतही पाण्याचा भार साधारण तिसऱ्या हिश्शानेच कमी होतो. त्याच महिन्यांत गिऱ्हाईक वाढल्यामुळे दार उघडण्याचे प्रमाण कितीतरी वाढते, आणि उरलेली बचत तिथेच संपते. हा भार विजेच्या बिलातही उतरतो. वाफेच्या रूपाने आत आलेल्या एका लिटर पाण्याचा बर्फ होईपर्यंत सुमारे 0.8 युनिट इतकी उष्णता खोलीतून उपसावी लागते, आणि तो बर्फ वितळवायला डिफ्रॉस्टचा हीटर पुन्हा वीज खातो. एवढे करून वितळलेले पाणी नळीतून बाहेर गेले नाही, तर ते कॉइलखालच्या ट्रेमध्ये पुन्हा गोठते आणि साराच खर्च पाण्यात जातो.

हंगामाचे वेळापत्रक यात भर घालते. मोरजी, आश्वे, मांद्रे आणि हरमलच्या किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यापूर्वी उतरतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा उभे राहतात. मधले महिने फ्रीझर बंद असतो. नळीतल्या ओलाव्यात शेवाळ आणि बुळबुळीत थर धरतो, ट्रॅपमधले, म्हणजे नळीच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वळणातले, पाणी आटून जाते आणि झुरळांना वाट मोकळी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यंत्र चालू करताना कंप्रेसर तपासला जातो, गॅस पाहिला जातो, पण नळीत पाणी ओतून पाहिले जात नाही. पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतल्या बहुतेक गावांत मलनिस्सारण वाहिनी नाही, सगळा भरवसा शोषखड्ड्यावर असतो, आणि पावसाळा संपताना जमिनीतले पाणी वर आलेले असल्याने खड्डाही नेमका तेव्हाच तुंबतो. डिचोलीत कारण थोडे वेगळे आहे. लोहखनिजाची वाहतूक प्रामुख्याने पावसाळा संपल्यावरची. 2012 आणि 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, नंतर लिलावात गेलेल्या पट्ट्यांवर काम पुन्हा सुरू झाले. ज्या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक जातात, तिथल्या दुकानांत लाल धूळ यंत्राच्या कंडेन्सरवर आणि ट्रेमध्ये बसते. ट्रेमध्ये पाणी मिसळले की तिचा चिखल होतो, आणि तो नळीचे तोंड बुजवतो. किनाऱ्यावर शेवाळ आणि आतल्या भागात चिखल, असा फरक असला तरी दोन्हीकडे दोष हिवाळ्यातच उघडा पडतो, कारण यंत्रावर खरा ताण तेव्हाच येतो.

याच काळात नियम कसे बदलले ते पाहिले की दुर्लक्षाची जागा नेमकी कळते. जुना सीएफसी गॅस भारताने 2010 पासून बंद केला. त्यानंतर आर-22 सारख्या गॅसचीही पायरीपायरीने गच्छंती सुरू झाली. मॉन्ट्रियल कराराच्या 2016 च्या किगाली दुरुस्तीला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली. 2019 साली देशाचा शीतकरण कृती आराखडा आला. अन्नसुरक्षा कायदा 2006 चा, त्याचे नियम ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. 2018 साली मासळीतल्या फॉर्मेलिनच्या प्रश्नाने गोवा ढवळून निघाला. बाहेरून येणाऱ्या मासळीवर बंदी आली, इन्सुलेटेड वाहनांची अट आली आणि पेडण्यातल्या पत्रादेवी नाक्यावर गाड्या तपासल्या जाऊ लागल्या. ही सारी पावले आवश्यक होती. पण प्रत्येक पावलाने थंडी किती, गॅस कोणता, गाडी कशी, एवढेच विचारले. अन्नसुरक्षेच्या नियमांत निचऱ्याचा उल्लेख आहे, तरी व्यवहारात त्याचा अर्थ जमिनीवरची मोरी इतकाच घेतला जातो. कॉइलखालच्या ट्रेपासून मोरीपर्यंतची नळी तपासणीच्या कक्षेत क्वचितच येते. लिस्टेरियासारखा जिवाणू शून्य ते चार अंशांतही वाढतो आणि ओल्या मोरीत तग धरून राहतो. म्हणून तुंबलेली नळी ही केवळ घसरून पडण्याची किंवा दुर्गंधीची बाब नाही, अन्नाची बाब आहे.

दुसरा आक्षेप नव्या यंत्रांच्या नावाने येतो. आजचे फ्रीझर आपोआप बर्फ वितळवतात, काहींना तर बाहेर जाणारी नळीच नसते, यंत्राच्याच उष्णतेने पाणी उडून जाते, मग काळजी कशाला? अशी सोय खरेच आहे. पण दमट हवेत पाणी सावकाश उडते, आणि दार सतत उघडे राहिले तर ट्रे भरून वाहतो. मोठ्या कोल्ड रूमला तर नळीशिवाय गत्यंतर नाही. शिवाय वीज गेली की ही सोय थांबते. मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात गोव्याने वीजपुरवठा खंडित होण्याचा मोठा अनुभव घेतला. अशा वेळी कॉइलवरचा सगळा बर्फ एकदम वितळतो आणि एरवी थेंबाथेंबाने जाणारे पाणी एकाच वेळी नळीवर येते. नळी अरुंद किंवा अर्धी बुजलेली असेल, तर ते मालावर उलटते.

उपाय अवघड नाहीत, मात्र ते बसवतानाच करायचे असतात. नळीला दर मीटरला किमान दोन सेंटिमीटर उतार हवा आणि तिची रुंदी ट्रेच्या तोंडापेक्षा कमी नको. उणे तापमानाच्या खोलीतून जाणाऱ्या भागाला हीटरची तार आणि वरून इन्सुलेशन हवे. ट्रॅप खोलीच्या बाहेर, उबेत हवा, कारण आत ठेवला तर तोच आधी गोठतो. ट्रॅप मुळीच नसला तर आतला पंखा नळीतून बाहेरची दमट हवा ओढून घेतो आणि ट्रेच्या तोंडाशीच बर्फाचे बूच बसते. प्रत्येक कॉइलला स्वतंत्र ट्रॅप असावा. नळीचे टोक मोरीत बुडवू नये, मध्ये हवेचे अंतर ठेवावे, म्हणजे घाण पाणी उलटे चढत नाही. साफसफाईसाठी वळणावर झाकणाचा टी-जोड असावा. नळी तुंबलीच, तर स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडू नये, कॉइलला छिद्र पडले की दुरुस्ती कितीतरी महाग होते. यंत्र बंद करावे, कोमट पाण्याने बर्फ वितळवावा, बाहेरच्या टोकाकडून नळी धुवावी, आणि मग हीटर, डिफ्रॉस्टचा टायमर व दाराचे रबर तपासावे. बर्फ पुन्हा धरत असेल तर आधी रबराकडे पाहावे. कारण गॅस कमी झाला असे समजून तो भरून घेणे ही या धंद्यातली नेहमीची आणि खर्चिक चूक आहे.

लहान दुकानदाराला हे परवडेल का, हा तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. उतार द्यायला वेगळा पैसा लागत नाही. ट्रॅप, टी-जोड आणि हीटरची तार यांची किंमत खराब झालेल्या मालाच्या किंवा जळलेल्या कंप्रेसरच्या मानाने किरकोळ आहे. परवडत नाही ते हंगामाच्या मध्यावर यंत्र बंद पडणे, कारण डिसेंबरात मेकॅनिक मिळत नाही आणि माल थांबत नाही. किनाऱ्यावर याला आणखी एक बाजू आहे. मोरजी आणि मांद्रे हे ऑलिव्ह रिडले कासवांचे विणीचे किनारे आहेत आणि ती वीण हिवाळ्यातच होते. मासळीचे रक्त-चरबी मिसळलेले पाणी वाळूत सोडले की त्या वासाने कुत्री येतात, आणि कुत्री हा अंड्यांना असलेला ज्ञात धोका आहे.

म्हणून मागणी मोजकी आहे. पेडणे आणि डिचोलीच्या आयटीआयमध्ये शीतकरणाचे जे प्रशिक्षण दिले जाईल, त्यात नळीचा उतार, ट्रॅप आणि हीटर यांना गॅस भरण्याइतकेच महत्त्व असावे. अन्न परवान्याच्या तपासणीत ट्रेमध्ये पाणी ओतून ते किती वेळात बाहेर पडते हे पाहिले जावे. पंचायतींनी हंगामापूर्वी शोषखड्ड्यांची पाहणी करावी. आणि दुकानदारांनी, शॅकचालकांनी सप्टेंबरअखेर, पहिला माल भरण्याआधी, एक बादली पाणी ट्रेमध्ये ओतून पाहावे. ते विनाअडथळा बाहेर आले तरच यंत्र हंगामाला तयार आहे असे समजावे.