चाबूक : मुठीपासून शेंड्यापर्यंत

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत पोतराज आला, की आधी त्याच्या आसुडाचा आवाज येतो आणि मग तो दिसतो. कमरेला रंगीत चिंध्यांचा घेर, मोकळे केस, पायांत घुंगरू. सोबत डोक्यावर मरीआई घेतलेली बायको. त्या प्रथेमागची जात, गरिबी आणि श्रद्धा हा वेगळा, मोठा विषय आहे. इथे बघायचं ते त्याच्या हातातलं साधन. वाखाचा पीळ मुठीशी जाड असतो, पुढे निमुळता होत जातो आणि शेंड्याला नुसता झुपका उरतो. मनगटाने दिलेला झटका जसजसा बारीक भागाकडे सरकतो तसतसा त्याचा वेग वाढतो, आणि शेवटी शेंडा आवाजाला मागे टाकतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. म्हणजे आपल्याला ऐकू येणारा तो ‘कडाड’ अंगावर बसलेल्या फटक्याचा नसून हवेत फुटलेल्या लाटेचा असतो. बराचसा कडकडाट अंगाबाहेरच होतो. शेंडा कुठवर जातो, हे पोतराजाच्या मनगटाला पक्कं ठाऊक असतं.

याच घराण्यातलं साधन दोन सज्ञान माणसं आपसांत ठरवून, सुखासाठी, बंद दाराआड वापरतात. हे ऐकून काहींच्या भुवया वर जातील. जावोत. पण ‘हे सगळं परदेशातून आलं’ एवढं मात्र म्हणू नये. वात्स्यायनाच्या कामसूत्रात, म्हणजे साधारण तिसऱ्या शतकात, शृंगारातल्या प्रहारांवर एक अख्खा अध्याय आहे. मारायचं ते कुठे, कसं, समोरच्याच्या तोंडून निघणाऱ्या आवाजांचा अर्थ काय, हे त्यात शांतपणे सांगितलं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात अपघातांची नोंद आहे. कुंतल देशाचा शातकर्णी सातवाहन याच्या हातून ‘कर्तरी’ नावाच्या प्रहाराने महाराणी मलयवती मेली, असं वात्स्यायन लिहितो. कुंतल म्हणजे दक्षिण महाराष्ट्र आणि त्याला लागून असलेला कर्नाटक. चोल राजाच्या हातून एक गणिका मेली आणि नरदेवाने एका नर्तकीचा डोळा फोडला, याही कथा तिथेच आहेत. अमुक प्रदेशात रूढ आहे म्हणून दुसरीकडे करू नये आणि जे जिवावर बेतणारं आहे ते रूढ असेल तिथेही टाळावं, हा त्याचा निर्वाळा. या विषयावरची सुरक्षेची इतकी जुनी सूचना देताना आपल्याच मुलखातल्या एका राणीच्या मृत्यूचा दाखला दिला गेला, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आता साधन. एकच लांब वेणी असलेला तो चाबूक. एका मुठीला वीस-तीस सुट्या वाद्या जोडल्या की झाला फ्लॉगर. नवख्याने चाबकाच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. चाबकाची सगळी ताकद शेंड्याच्या टिचभर भागात एकवटते; नेम चुकला तर कातडी फाटते, डोळा जातो. शिवाय तो फिरवायला मोकळी जागा लागते, आणि अंधेरी-बोरिवलीच्या दहा बाय बाराच्या खोलीत वर पंखा, बाजूला कपाट आणि मध्ये पलंग असताना ती कुठून आणणार? फ्लॉगरमध्ये तोच जोर अनेक वाद्यांत वाटला जातो.

पण फ्लॉगरही सगळे सारखे नसतात. रुंद, जड आणि मऊ वाद्या स्नायूत खोल, बोथट धप्प असा मार देतात. अरुंद, पातळ, कडक कडांच्या वाद्या वरच्या कातडीला झोंबतात. वेणी घातलेल्या किंवा टोकाला गाठ मारलेल्या वाद्या दिसायला साध्या असतात. पण गाठीखाली सगळा भार एका ठिपक्यावर येतो. रबर हलकं दिसतं आणि भलतंच झोंबतं. म्हणून पहिली खरेदी करायची तर मऊ, लवदार कातड्याचा, दीड ते दोन फूट वाद्यांचा फ्लॉगर घ्यावा. मूठ हातात धरून तोल बघावा. वजन मुठीच्या आसपास असेल तर मनगट लवकर थकत नाही, आणि थकलेलं मनगट नेम चुकवतं. वाद्यांच्या कडांवरून बोट फिरवावं. मूठ आणि वाद्या जोडल्या आहेत तिथे खिळा किंवा तारेचं टोक वर आलेलं नाही ना, हे पाहावं. मग पहिला फटका स्वतःच्या मांडीवर. जो हे करायला कचरतो त्याने दुसऱ्यावर हात उचलू नये.

सराव उशीवर करावा. वाद्यांच्या टोकांना थोडी टाल्कम पावडर लावली की उशीवर नेमकं कुठे लागतंय ते दिसतं. बहुतेक नवख्यांच्या बाबतीत ते हवं तिथून चार बोटं पलीकडे लागलेलं असतं, कारण माणूस गरजेपेक्षा जवळ उभा राहतो. जवळून मारलं की वाद्या अंगाभोवती वळतात आणि सर्वांत वेगवान टोकं कुशीवर किंवा कमरेच्या हाडावर जाऊन आपटतात. एक पाऊल मागे सरकलं की टोकं जिथे हवीत तिथे येतात.

शरीराचा नकाशा फार गुंतागुंतीचा नाही. कुल्ले, मांडीचा मागचा मांसल भाग आणि पाठीच्या वरच्या भागात मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू, एवढंच क्षेत्र. मणका, मान, डोकं, चेहरा, पोट, माकडहाड, गुडघ्यामागची लवण आणि सगळे सांधे वर्ज्य. कमरेच्या वर, बरगड्या संपतात तिथे मूत्रपिंडं असतात. तिथे मार बसून नंतर लघवी लालसर झाली तर लाज बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, रक्त गोठण्याचा विकार असेल, मधुमेहाने संवेदना कमी झाली असेल किंवा गरोदरपण असेल तर हा खेळ नको. दारू पिऊन तर मुळीच नको. सुरुवात हलक्या, रेंगाळत्या फटक्यांनी करावी. अंग तापायला वेळ लागतो. वेदना सोसण्याची शर्यत लावणारी जोडपी फार टिकत नाहीत.

या सगळ्यावर चालतो तो एक शब्द. ‘नको, थांब’ हे खेळाच्या भरातही तोंडून निघतं, म्हणून वेगळा शब्द आधीच ठरवतात. सिग्नलची भाषा जगभर चालते : लाल म्हणजे ताबडतोब बंद, पिवळा म्हणजे जोर कमी कर. बोलता येणार नसेल तर हातात चेंडू द्यावा. तो सुटला की खेळ संपला. मुठीवर हात कुणाचाही असो, हुकूम मार घेणाऱ्याचा चालतो. खेळ झाल्यावर पाणी, काहीतरी गोड, चादर आणि जवळ बसणं. दुसऱ्या दिवशी अचानक रडू येऊ शकतं. त्याचीही आधीच कल्पना असावी.

उपनगरातल्या फ्लॅटच्या अडचणी वेगळ्याच. भिंती पातळ, शेजारी जागरूक, आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई. रुंद, मऊ वाद्यांचा आवाज कमी येतो, हा त्यांचा आणखी एक गुण. दुसरा शत्रू पाऊस. जूनमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवलेलं कातडं गणपतीपर्यंत बुरशीने पांढरं पडतं. सुती कापडात गुंडाळून, वाद्या मोकळ्या लोंबतील असं टांगावं, अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसावं. कातड्यात रक्त मुरलं तर ते पूर्ण निर्जंतुक करता येत नाही, आणि हेपेटायटिस बी-सी रक्तातून पसरतात. म्हणून एक फ्लॉगर एकाच माणसासाठी.

कायद्याबद्दल थोडं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 87, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 25, सांगतं की अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या संमतीने झालेली इजा गुन्हा ठरत नाही. अट अशी, की त्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसावा आणि तशी शक्यता असल्याची जाणीवही नसावी. जुन्या संहितेत त्याचं उदाहरण गमतीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं होतं. गंभीर दुखापतीला मात्र या कलमाचा आडोसा नाही. इंग्लंडमध्ये 1993 साली अशाच खेळांवरून चाललेल्या ब्राऊन खटल्यात संमती असूनही हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी आरोपींची शिक्षा कायम ठेवली होती. आणि भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेला होकार आपल्या कायद्याच्या लेखी होकारच नसतो, मग समोरचा नवरा का असेना.

तेव्हा हा लेख वाचून कुणी ‘हे तर माझ्या घरी रोज होतं, फक्त मला कुणी विचारत नाही’ असं म्हणत असेल, तर तो खेळ नव्हे, मारहाण आहे. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक चोवीस तास चालू असतात.