इंडियाना जोन्स: फ्रिज खटकतो, मग रबरी होडी कशी चालते?

चाहत्यांमध्ये हा वाद कायम रंगतो. 2008 च्या ‘किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’मध्ये इंडी शिशाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये शिरून अणुस्फोटातून वाचतो. अनेकांनी तिथेच हात टेकले. पण 1984 च्या ‘टेंपल ऑफ डूम’मध्ये तो विमानातून रबरी होडीसकट उडी मारतो, ते तरी कुठे शक्य आहे?

मला विचाराल तर शक्याशक्यता हा मुद्दाच नाही. होडीत तिघं एकमेकांना घट्ट धरून किंचाळतात, बर्फावरून घसरत कड्यावरून थेट नदीत कोसळतात. भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसते, म्हणून आपणही खुर्चीचा हात धरतो. फ्रिज मात्र दूर भिरकावला जातो, आपटतो, दार उघडतं आणि इंडी बाहेर! जिवाला घोर लागायला वेळच मिळत नाही.

‘टेंपल ऑफ डूम’मधलं भारताचं चित्रण मात्र मला आजही खुपतं. माकडाच्या मेंदूची मेजवानी कोणत्या राजवाड्यात होते? पटकथेवरच्या आक्षेपांमुळे भारतात चित्रीकरण झालं नाही, ते श्रीलंकेत करावं लागलं. तरीही अमरीश पुरींचा मोलाराम केवळ जबरदस्त!

सगळ्यांत सरस भाग 1989 चा ‘लास्ट क्रुसेड’. शॉन कॉनरी हॅरिसन फोर्डपेक्षा जेमतेम बारा वर्षांनी मोठे, तरी बाप-लेकाची जोडी एका क्षणालाही खोटी वाटत नाही. तुमचा क्रम काय? कारणासकट लिहा.