कांजीवरम, गजरा आणि पहाडी आवाज

शाळेने जिला गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं, तिला सरकारने 2011 मध्ये पद्मश्री दिली आणि 2024 मध्ये पद्मभूषण. उषा उत्थुप! भायखळ्याच्या कॉन्व्हेंटमधल्या बाईंना हा आवाज कुठल्याच कोरसमध्ये बसवता येईना. मुलीच्या जातीला इतका जाड गळा? तरी बाई दयाळू म्हणायच्या. त्यांनी हातात ट्रँगल दिला. गायचं नाही, फक्त टिंग करायचं.

जन्म 1947 चा, मुंबईतला. घर तमिळ, वडील पोलीस खात्यात अधिकारी. गाण्याची रीतसर तालीम शून्य, पण घरातल्या रेडिओवर बडे गुलाम अली खाँ, किशोरी आमोणकर आणि पाश्चात्त्य संगीत गुण्यागोविंदाने नांदायचे. नवव्या वर्षी अमीन सयानींनी रेडिओ सिलोनच्या 'ओव्हलटीन म्युझिक अवर'मध्ये गायला बोलावलं. बाईंनी तो कार्यक्रम ऐकला असेल का, देव जाणे.

खरी धमाल 1969 मध्ये, मद्रासच्या माउंट रोडवर. सफायर थिएटरच्या तळघरात 'नाइन जेम्स' नावाचा नाइटक्लब होता. तिथे विशीतली उषा उभी राहिली ती थेट साडी नेसून. त्या काळी क्लबमधली गायिका म्हणजे झगमगता गाऊन, हे गणित पक्कं. ही मात्र लग्नघरातून वाट चुकून आल्यासारखी दिसायची आणि तोंड उघडलं की खर्जातलं इंग्रजी गाणं! लोक चाटच पडले. बंडखोरी वगैरे काही नव्हती हो, मध्यमवर्गीय घरातली मुलगी रोज जे नेसायची तेच नेसून गेली. मला विचाराल तर असा 'लूक' लाखो रुपये घेणाऱ्या स्टायलिस्टलाही सुचला नसता.

मग मुंबई, मग कलकत्त्यात पार्क स्ट्रीटवरचं 'ट्रिंकाज'. तिथेच जानी चाको उत्थुप भेटले आणि उषा अय्यरची उषा उत्थुप झाली. दिल्लीच्या ओबेरॉयमध्ये गाताना देव आनंदच्या नजरेत, म्हणजे कानात, भरली आणि 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये (1971) वर्णी लागली.

तिची दोन डिस्को गाणी मात्र जरा परदेशी वळणाची. 'हरी ओम हरी'मागे इरप्शनचं 'वन वे तिकीट' आहे, तर 'डिस्को डान्सर'मधल्या 'कोई यहाँ नाचे नाचे'मागे बगल्सचं 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. दोन्हीकडे संगीतकार बप्पी लाहिरी, त्यामुळे फार आश्चर्य नको.

केनियात तर ती इतकी गाजली की अध्यक्ष जोमो केन्याटांनी तिला मानद नागरिकत्व दिलं. स्वाहिली 'मलाइका' ती अशी गाते, की नैरोबीकरांनी तिला आपलीच मानलं. इकडे बंगालमध्ये मात्र 1980 च्या दशकात डाव्या सरकारातल्या एका मंत्र्यांना तिचं गाणं 'अपसंस्कृती' वाटलं आणि सरकारी सभागृहाचं दार बंद झालं. उषाबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. हायकोर्टात गेल्या, जिंकल्या. वर कपाळावरच्या ठसठशीत टिकलीत बंगाली 'क' मिरवू लागल्या, कोलकात्याचा!

पायात काय, विचारा. कांजीवरमचं कापड लावलेले स्पोर्ट्‌स शूज. 'सात खून माफ'मधल्या 'डार्लिंग'ने फिल्मफेअर दिलं तेव्हा साठी उलटली होती. आणि 2023 मध्ये ट्रिंकाजमध्ये मायली सायरसचं 'फ्लॉवर्स' गातानाचा व्हिडिओ नातवंडांच्या वयाच्या पोरांनी मोबाइलवर फिरवफिरव फिरवला.