सावड घालणारे मित्र

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या मनात म्हशाची यात्रा म्हणजे बैलांचा बाजार. खोंडाचे दात बघायचे, चाल बघायची, पाठीवर थाप मारायची आणि मग भावाची घासाघीस सुरू करायची. बाजार आजही भरतो, पण यात्रेला येणारा माणूस आता बैलगाडीतून येत नाही. तो मोटारसायकलवरून येतो. पुढे टाकीवर एक पोर, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरे पोर आणि हँडलला अडकवलेली पिशवी, असे सारे कुटुंब एका यंत्रावर लादलेले असते.

यात नवल काही नाही. मुरबाडला अजून रेल्वे पोचलेली नाही. शेजारच्या शहापूर तालुक्याला आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्थानके आहेत, पण पाड्यावरून स्थानकापर्यंत यायचे तरी कसे? त्यामुळे दुधाचे कॅन, भेंडीच्या गोण्या, औद्योगिक वसाहतीतली रात्रपाळी, मुलांचे कॉलेज आणि बाळंतपणाला माहेरी आलेली बहीण हा सगळा भार दुचाकीवर आला. शहरातला तरुण हौसेने मोटारसायकल घेतो. इथला तरुण गरजेपोटी घेतो आणि मग तिच्यावर जीवही लावतो.

आषाढ-श्रावणात या दोघांची गाठ एकाच रस्त्यावर पडते. माळशेज घाटातले धबधबे पाहायला मुंबई, ठाणे, कल्याणहून दुचाकीस्वारांचे तांडे निघतात. अंगात जाड जाकिटे, गुडघ्यांना संरक्षक पट्टे, पुढे एक वाटाड्या आणि शेवटी सर्वांना सांभाळत येणारा एक जाणता. बाजूने भाताचा आवा घेऊन जाणारा गावकरी टोपरे सावरत त्यांच्याकडे पाहतो. दोघांच्या पोशाखात आणि गाडीच्या किमतीत पुष्कळ अंतर आहे. पण ओल्या वळणावर चाक निसटले की ते अंतर संपते. रस्त्यावर पडलेला तो एक माणूस असतो आणि मग प्रश्न एवढाच उरतो की त्याच्याजवळ कोण थांबते.

आकडे कोरडे असतात, तरी ते एकदा डोळ्यांखालून घालायला हवेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मेलेल्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. मृत्यूची बातमी होते, गावात दुखवटा पाळला जातो, तेरावे होते. जखमींचे मात्र त्या आकड्यापुढे काय झाले, कोण उभे राहिले, कोण कायमचे अंथरुणाला खिळले, याची नोंद कुठल्या अहवालात येत नाही. ती नोंद घरच्या माणसांजवळ असते आणि मित्रांजवळ असते. या लेखाचा विषय ते मित्र आहेत.

पहिली कसोटी पहिल्या तासाची. आपल्याकडे रस्त्यावर पडलेल्या माणसाला हात लावायला लोक कचरत, त्याचे कारण दगडाचे काळीज हे नव्हते. पोलीस चौकशी, साक्षीच्या तारखा, इस्पितळातली अनामत रक्कम यांची भीती होती. 'सेव्ह लाइफ फाउंडेशन' या संस्थेच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, असे आता कायदा म्हणतो. ही गोष्ट प्रत्येक चहाच्या टपरीवर लिहून लावावी अशी आहे.

पण कायदा भीती घालवतो, शहाणपण शिकवत नाही. मित्र पडला की आपण सैरभैर होतो. चौघे मिळून त्याला हातापायांना धरून उचलतात, जीपमध्ये मागच्या बाकावर दुमडून घालतात आणि कोणी तरी तोंडात पाणी ओततो. हे सारे प्रेमापोटीच घडते. परंतु मानेचा किंवा पाठीचा मणका दुखावला असेल, तर अपघाताने जे बिघडले नव्हते ते या उचलाउचलीत बिघडू शकते. बेशुद्ध माणसाला पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाते. म्हणून आधी मागून येणारी वाहने थांबवावीत. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. श्वास चालू आहे ना, ते पाहत राहावे. डोके व मान स्थिर ठेवावी आणि हेल्मेट ओढून काढू नये. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन लावावा. ठिकाण सांगताना नुसते 'घाटात' न म्हणता किलोमीटरचा दगड, जवळचे गाव, पूल असे काही तरी नेमके सांगावे. दुचाकीस्वारांच्या गटातल्या निदान दोघांनी हे रीतसर शिकून घेतलेले असले, तर तो गट खरोखर जाणत्यांचा म्हणायचा.

यापुढे पैजेचा खेळही कसा थांबतो, ते पाहण्यासारखे आहे. डकार ही जगातली अत्यंत खडतर मोटारसायकल शर्यत. २०१५ साली ती पुरी करणारा पहिला भारतीय, बंगळूरचा सी. एस. संतोष, ६ जानेवारी २०२१ रोजी सौदी अरेबियाच्या वाळवंटात जबर जखमी झाला. मागून येणारा नेदरलँड्सचा पॉल स्पिरिंग्स थांबला आणि त्याने प्रथमोपचार केले. हेलिकॉप्टरने संतोषला रियाधच्या इस्पितळात नेले, तिथे काही दिवस औषधांनी बेशुद्ध ठेवले आणि तो वाचला. त्याच्या आदल्या वर्षी, १२ जानेवारी २०२० रोजी, पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस याच शर्यतीत पडला. ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, जो स्वतः विजेतेपदाचा दावेदार होता, त्याच्यापाशी थांबला. गोन्साल्विस वाचला नाही. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द झाला. या शर्यतीत मदतीसाठी थांबलेल्या स्पर्धकाचा वेळ त्याला परत मोजून दिला जातो. जिथे सेकंदावर सारे अवलंबून, तिथे असा नियम करावासा वाटला, ही मला माणसाच्या बाजूने दिलेली मोठी साक्ष वाटते. आपल्या रस्त्यांवर कोणाला कसले विजेतेपद मिळवायचे असते? तरीही आपण हॉर्न वाजवत पुढे निघून जातो.

दुसरी कसोटी इस्पितळाच्या दाराशी. मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, तिथून उल्हासनगर, कळवा, नाही तर थेट मुंबई, अशी ही चिठ्ठ्यांची वाट आहे. प्रत्येक टप्प्यावर एक कागद, एक सही आणि काही नोटा लागतात. ५ मे २०२५ च्या अधिसूचनेने केंद्राची बिनरोकड उपचार योजना आली. तिच्यात अपघातग्रस्ताला नेमलेल्या इस्पितळात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळण्याची तरतूद आहे. मित्रांपैकी एकाने ही माहिती घेऊन खिडकीवर विचारणा केली, तर घरच्यांची पहिली धावाधाव पुष्कळ वाचेल.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. दुचाकीसाठी कर्ज मागायला येणारे तरुण बहुतेक वेळा मित्राला घेऊन येत. तोच जामीनदार. गाडीचा रंग, सरासरी, हप्ता यांवर दोघांचे तासभर बोलणे झालेले असे. विम्याचा कागद मात्र दोघेही न वाचता घडी करून खिशात घालत. तेव्हा सांगत असे तेच आजही सांगतो. सक्तीचा जो तृतीय पक्ष विमा, तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्यासाठी आहे. तुम्ही स्वतः घसरून पडलात, तर त्यातून तुम्हाला काही मिळत नाही. गाडीच्या मालकासाठी वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून त्याची किमान रक्कम १५ लाख रुपये झाली आहे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास ती मिळते, अपंगत्वाच्या प्रमाणात मिळते. मात्र परवाना वैध हवा आणि विमा चालू हवा. इस्पितळाचे बिल त्यातून भागत नाही, त्यासाठी आरोग्य विमा निराळा. दुसऱ्याच्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला असेल, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. ही दारे अनेक घरांना ठाऊकच नसतात आणि ठाऊक होईपर्यंत जमिनीचा तुकडा गहाण पडलेला असतो.

मित्र वर्गणी काढतात, हे त्यांचे मोठेपण. पण वर्गणीलाही हिशेब हवा. पैसे जखमीच्या किंवा त्याच्या घरच्यांच्याच खात्यावर जावेत. कोणी किती दिले आणि कशावर खर्च झाले, ते एका साध्या वहीत लिहावे. औषधाची प्रत्येक पावती जपून ठेवावी, कारण उद्या दाव्यात तीच बोलते. चार महिन्यांनी मैत्रीत खडा पडतो तो बहुतेक वेळा पैशामुळे नसतो, हिशेब न लिहिल्यामुळे असतो.

तिसरी कसोटी सर्वांत लांबलचक. पहिल्या आठवड्यात इस्पितळाच्या व्हरांड्यात बसायला जागा नसते. पंधरवड्यात गर्दी ओसरते. महिन्याने माणूस घरी येतो आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. पायात सळई, मांडीला टाके, किंवा कमरेखाली संवेदनाच नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. या कामात आई आणि बायको झिजतात. मणक्याच्या दुखापतीनंतरही आयुष्य असते, याची साक्ष आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या खडकीतले सैनिकांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. पण पाड्यावरच्या पोराला तिथवर न्यायचे कोणी? महिन्यातून एकदा गाडी करून, दिवसाची मजुरी बुडवून, रांगेत उभे राहायचे कोणी?

इथे मला शेतकऱ्यांचा एक जुना शब्द आठवतो, सावड. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड घालतो. आज तुझ्या शेतात औत, उद्या माझ्या. यात उपकार नसतो, त्यामुळे लाजही नसते. जखमी मित्राला नेमके हेच हवे असते. दया नको असते, पाळी हवी असते. सोमवारी एकाने व्यायाम करवून घ्यावा, गुरुवारी दुसऱ्याने दवाखान्यात न्यावे, लावणीच्या दिवसांत चौघांनी त्याच्या खाचरात उतरावे, त्याचे दूध कोणी तरी आपल्या कॅनबरोबर पोचवावे. आणि कधी तरी काही काम नसताना नुसते येऊन बसावे, गाड्यांच्या, पोरींच्या, राजकारणाच्या गप्पा हाणाव्यात. त्याच्याकडूनही काम घ्यावे. गटाचा हिशेब त्याला लिहू द्यावा, सहलीचा रस्ता त्याला ठरवू द्यावा. माणूस अंथरुणावर असला तरी सावडीतून बाद झालेला नाही, हे त्याला कळले पाहिजे.

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलली पाहिजे. कित्येक अपघातांत मित्रांचाही वाटा असतो. पुढे गेलेल्याला गाठण्याची घाई, 'काय बैलगाडी चालवतोस का' ही थट्टा, घाटात ढाब्यावर घेतलेला पेला, मागे बसणाऱ्याला हेल्मेट कशाला हा समज. दोष सगळा स्वारांचाच असतो असे नाही. जुलै २०१५ मध्ये मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्याने दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश नेला. तो मागे बसला होता, त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. भाजी विकणारे दादाराव तेव्हापासून शहरातले खड्डे स्वतः बुजवू लागले. जुलै २०१७ मध्ये मुंबईहून जव्हारला गटाने निघालेली एक अनुभवी महिला स्वार अशाच खड्ड्यामुळे प्राणास मुकली. राघवेंद्र कुमार या बिहारच्या तरुणाचा मित्र २०१४ साली हेल्मेटविना मोटारसायकल चालवताना गेला. राघवेंद्रने नोकरी सोडली आणि देशभर हेल्मेट वाटत फिरू लागला. लोक त्याला 'हेल्मेट मॅन' म्हणतात. गेलेल्या मित्रासाठी एवढे करणारी माणसे आपल्यात आहेत. मग हातात असलेल्या मित्राला निघण्यापूर्वी 'पट्टा लाव रे' म्हणायला काय लागते?

दुचाकीस्वारांचे गट ही आजच्या काळातली एक चांगली गोष्ट आहे, असे मला वाटते. जात, पैसा, हुद्दा विसरून माणसे केवळ एका आवडीने एकत्र येतात, हे आपल्या समाजात फार ठिकाणी घडत नाही. गावातल्या पोरांचा नाक्यावरचा घोळकाही असाच गट असतो, फक्त त्याला नाव आणि जाकीट नसते. या दोन्ही गटांची किंमत त्यांनी किती घाट पार केले यावर ठरत नाही. त्यांच्यातला एक पडल्यानंतर सहाव्या महिन्यात त्याच्या घराची कडी वाजवायला कोण जाते, यावर ती ठरते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जामीनदाराची सही कर्ज घेताना होते, पण त्याची खरी गरज हप्ता थकल्यावर पडते. आज रविवार आहे. तुमच्या ओळखीत असा एखादा हप्ता थकलेला मित्र असेल. पाऊस असो वा ऊन, तेवढे एक घर आज करून या. हेल्मेट घालून जा.